माळ्यावरच्या खोलीचा दावेदार

१२ मार्च, सकाळी ७.१०

साथीमुळे विद्यापीठ बंद. पुढची सूचना येईपर्यंत सगळे वर्ग ऑनलाइन. वर्गाच्या ग्रुपवर रडारड चालू आहे. मला उलट हायसं वाटलं. मॅनेजमेंटचा विद्यार्थी संकटातच ओळखला जातो.

संकल्प. पहाटे पाचला उठणे. अर्धा तास व्यायाम. एप्रिलअखेर प्रबंध हातावेगळा करणे. आणि या घरातल्या माणसांच्या पातळीवर अजिबात न उतरणे. शेवटचा आत्तापासून लागू. पाचचा उद्यापासून, कारण आज सात वाजून गेलेच आहेत.

१३ मार्च

उठलो पावणेआठला. दोष माझा नाही. गोदामवाला आला म्हणून उठावं लागलं, नाहीतर आणखी उशीर झाला असता.

ही भानगड एकदा लिहून ठेवतो, पुढे आत्मचरित्राच्या वेळी संदर्भ लागेल. वरच्या मजल्यावरच्या या खोलीत पलंग एक आणि आम्ही दोघं. मी रात्री झोपतो. गोदामवाला रात्रभर कुठल्याशा गोदामात खोकी उचलतो, सकाळी येतो, मी उठतो, तो माझ्याच उबेत आडवा होतो आणि चारपर्यंत घोरतो. दिवसा मी वर्गात, नाहीतर लायब्ररीत. दहा महिने बिनबोभाट चाललं आहे. याला रिसोर्स शेअरिंग म्हणतात. गोदामवाला याला नशीब म्हणतो. शिक्षणाचा फरक.

घरी मी स्वतंत्र खोली आहे असं सांगितलं आहे. खोटं नाही. पलंगावर असतो तेवढा वेळ मी स्वतंत्रच असतो.

१६ मार्च

पहिला ऑनलाइन वर्ग. लायब्ररीला कुलूप, म्हणून खोलीतच पलंगाच्या पायथ्याशी जमिनीवर बसलो. विषय, नेतृत्व. सरांनी मध्येच थांबून विचारलं की तुमच्या मागे कोणी आजारी आहे का. वळून पाहिलं तर कॅमेऱ्यात गोदामवाल्याचे दोन्ही तळपाय. एका मोज्यातून अंगठा बाहेर. मी सांगितलं, असंघटित कामगारांवर केस स्टडी करतोय, सर. सरांनी पुढची स्लाइड लावली. हजरजबाबीपणा शिकवून येत नाही.

२२ मार्च, रविवार

संचारबंदी. सगळे घरात. मोजले तर नऊ भरले. एवढे आहेत हे मला आजच कळलं, कारण एका वेळी सगळे जागे कधी पाहिलेच नव्हते.

खालच्या हॉलमध्ये सोफ्यामागे स्वयंपाकी झोपतो. त्याचं हॉटेल बंद पडलं, आता दिवसभर सुऱ्यांना धार लावत बसतो. सोफ्यावर एक आणि सोफ्यापुढे एक असे दोन इंजिनियरिंगवाले. स्वयंपाकघराला लागून एक कोठी आहे, तिच्यात ताई आणि तिची कॉलेजात शिकणारी धाकटी बहीण. ताई वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचं करते. सगळे तिला ताई म्हणतात. मीही म्हणतो, पण मनापासून नाही. आमच्या समोरच्या खोलीत दोघे भाऊ, स्कूटरवरून लोकांची जेवणं पोचवणारे. बाथरूम एक.

या सगळ्यांत शिकलेला मी एकटा. इंजिनियरिंगवाले शिकताहेत म्हणा, पण ते इंजिनियरिंग.

दुपारभर बसून बाथरूमचं वेळापत्रक केलं. माणशी अकरा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ, चार रंगांत. दारावर चिकटवलं. कोणी आभार मानले नाहीत. अपेक्षाही नव्हती, फक्त थोडी होती.

२३ मार्च

वेळापत्रक पाळणारा मी एकटा. माझ्या वेळेला आत धाकटा स्कूटरवाला. दार वाजवलं तर आतून ओरडला की प्रोफेसर, पोटाला घड्याळ दाखवू का? इथे सगळे मला प्रोफेसर म्हणतात. कितीही अडाणी असले तरी आदर आहे.

संध्याकाळी वेळापत्रक दारावर नव्हतं. ओट्यावर सापडलं. मागच्या बाजूला स्वयंपाक्याने कांदे, बटाटे, अंडी असं लिहिलं होतं. परत चिकटवलं.

२७ मार्च

आजचा दिवस आयुष्यात महत्त्वाचा ठरणार.

घरमालकांना फोन केला. त्यांना मी आजवर एकदाच पाहिलंय, तेही गाडीच्या काचेतून. तीन आठवडे गरम पाणी नाही हे सांगायला फोन केला होता, पण बोलणं वेगळ्याच उंचीवर गेलं. म्हणाले, तुझ्यासारखा शिकलेला मुलगा त्या घरात आहे म्हणून मला झोप लागते. म्हणाले, बाकीच्यांचं सोड, तू आता माझा माणूस. कोण कुरकुर करतं, कोण खोकतं, कोण बाहेरचं माणूस आणतं, सगळं मला कळवत जा. मी विचारलं की याला रेसिडेंट कोऑर्डिनेटर म्हणायला हरकत नाही ना? म्हणाले, काय वाट्टेल ते म्हण.

नेमणूक झाली.

मग मी माळ्यावरच्या खोलीचा विषय काढला. जिन्याच्या टोकाला आहे. कायम कुलूप. उतरतं छप्पर, एक खिडकी, आणि मुख्य म्हणजे आतून लावायची कडी. आल्यापासून माझा तिच्यावर डोळा आहे. पदाला शोभेल अशी जागा नको का? मालक म्हणाले, बघू.

मालकांना नाही म्हणायचं असतं तेव्हा ते सरळ नाही म्हणतात. बघू म्हणजे हो.

गरम पाण्याचं राहून गेलं.

२ एप्रिल

आईला फोन. सांगितलं की बढती मिळाली, आता वरच्या मजल्यावर स्वतंत्र खोली मिळते आहे. आई म्हणाली, अरे, स्वतंत्र तर आधीपासूनच होती ना? मी म्हणालो, ही जास्त स्वतंत्र. आई म्हणाली, बरं बाबा, पण एकदा दाखव तरी. किती महिने तुझ्या मागे ती एकच भिंत बघतेय, तुझ्या खोलीला बाकीच्या तीन आहेत की नाहीत? एवढ्यात नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

बाबांनी म्हणे शेजारच्या काकांना सांगूनही टाकलं. आता माळा मिळणं घराण्याच्या अब्रूचा प्रश्न झाला आहे.

४ एप्रिल

माळ्याच्या दाराला फट आहे. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. आत सहा लोखंडी पलंग, सुटे करून भिंतीला टेकवून ठेवलेले. अजून प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. मालकांनी माझं फर्निचर आधीच आणून टाकलंय! सहांतून निवडायला वाव. माणूस बोलतो कमी, करतो जास्त.

राहवेना म्हणून गोदामवाल्याला दाखवलं. तो बराच वेळ फटीला डोळा लावून उभा होता. मग म्हणाला, प्रोफेसर, सहा पलंग म्हणजे पाळ्या धरून बारा माणसं झाली की. याची बुद्धी खोक्यांच्या पलीकडे जात नाही.

९ एप्रिल

पहिली सभा. आठ जणांना निरोप दिला, आले तिघे. त्यातला गोदामवाला झोपेत बाथरूमकडे निघाला होता, त्याला मी धरून बसवला. विषय तीन. शांतता, शिस्त, कृतज्ञता.

ताईने विचारलं की तू कोऑर्डिनेटर झालास ना, मग गरम पाण्याचं काय? मी म्हणालो, हे ऑपरेशनल प्रश्न झाले, मी स्ट्रॅटेजी बघतो. ती म्हणाली, मी रोज बारा तास म्हाताऱ्यांचं हगमूत काढून येते आणि थंड पाण्याने अंग विसळते, ही कुणाची स्ट्रॅटेजी? लोक लगेच व्यक्तिगत पातळीवर येतात. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

सभा यशस्वी.

१५ एप्रिल

गोदामात चौघांना लागण झाली. गोदाम बंद. म्हणजे गोदामवाला आता रात्रीही घरात.

पलंग एक. मी शांतपणे हक्काचा मुद्दा मांडला. रात्र माझी, दिवस तुझा, हे पहिल्यापासून ठरलेलं आहे. तो म्हणाला, अगदी बरोबर बोललात, आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

मी जमिनीवर. स्वेच्छेने. कठीण जागा पाठीच्या कण्याला उत्तम असते.

१६ एप्रिल

पाठ धरली.

१८ एप्रिल

पहिला संकल्प पूर्ण! पहाटे पाचला जागा होतो. रात्रभरच जागा होतो, पण संकल्पात झोपेची अट नव्हती.

प्रबंधाची प्रगती समाधानकारक. मुखपृष्ठ तयार. दोन फॉन्टमध्ये अडलंय.

२४ एप्रिल

स्वयंपाक्याला ताप. खोकला पण. मालकांना ताबडतोब कळवलं, तेच तर माझं काम. मालक म्हणाले, संध्याकाळच्या आत तो घराबाहेर दिसला पाहिजे, कुठे जायचं ते त्याचा तो बघेल, आणि माझं नाव कुठे येता कामा नये. निर्णय कसा घ्यावा हे या माणसाकडून शिकावं.

निरोप मी सांगितला. जिन्याच्या चौथ्या पायरीवरून, अंतर राखून. स्वयंपाकी सोफ्यामागे चादर लपेटून बसला होता. हा निर्णय व्यक्तिगत नाही, असं मी आवर्जून म्हणालो. तो उठला, भिंतीला धरून उभा राहिला, आणि आपले सुरे एकेक पुसून फडक्यात गुंडाळायला लागला. बाकी सामान असं त्याला नव्हतंच. मला जरा कसंतरी झालं. पण नेत्याने कसंतरी होऊ द्यायचं नसतं.

तेवढ्यात ताई कामावरून आली. विचारलं, हे कोणी ठरवलं? मी म्हणालो, व्यवस्थापनाने. ती म्हणाली, मग आधी व्यवस्थापनाची गादी रस्त्यावर टाक, नंतर त्याची. तिने त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं, त्याला आपल्या कोठीत नेऊन निजवलं, आणि त्या दोघी बहिणी स्वयंपाकघरात फरशीवर झोपल्या.

वेगळ्या नोंदवहीत बेशिस्त म्हणून नोंद केली. तारीख, वेळ, सगळं व्यवस्थित.

माझी गादी म्हणजे खरं तर सध्या गोदामवाल्याची गादी, हे तिच्या लक्षात आलं नाही.

५ मे

स्वयंपाकी बरा झाला. बाकी कोणाला काही झालं नाही. माझ्या कडक भूमिकेचा परिणाम.

सकाळी त्याने सगळ्यांना अंडी करून दिली. मलाही दिली. ताटली माझ्याकडे न बघता सरकवली. मी मोठ्या मनाने खाल्ली. मीठ किंचित कमी होतं, ते सांगितलं. तो तरीही माझ्याकडे बघेना. आजारपणात माणसं चिडचिडी होतात.

११ मे

या घरात आल्याला आज बरोबर वर्ष झालं. गोदामवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, मला साडेतीन. या माणसाला महत्त्वाकांक्षा कशी ती नाहीच.

१९ मे

ताईने नगरपालिकेला अर्ज लिहिला आहे. चार जणांच्या घरात नऊ जण, गरम पाणी नाही, आजाऱ्याला बाहेर काढायला निघाले होते, वगैरे वगैरे. तक्रारखोर भाषा. सगळ्यांच्या सह्या घेत फिरत होती. माझ्याकडे आली तेव्हा मी सांगितलं की मी सोसणाऱ्यांत नाही, चालवणाऱ्यांत आहे. ती म्हणाली, चालवतोस काय रे तू? तुला पाठ टेकायला जागा नाही. पाठ दुखत होती.

लगेच मालकांना कळवलं. म्हणाले, झकास केलंस. कोणी चौकशीला आलंच तर तू पुढे हो, तूच बोल, मी परगावी आहे म्हणून सांग. माळ्याचं विचारलं. म्हणाले, बघू, बघू.

दोनदा म्हणाले!

३ जून

लिहायला हात शिवशिवताहेत.

अकराला माझ्या प्रबंधाचं ऑनलाइन सादरीकरण होतं. वर कोट आणि टाय, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, कारण कॅमेरा कमरेपर्यंतच. पहिलीच स्लाइड लावली आणि खाली दार वाजलं. नगरपालिकेचे दोघे. मास्क, हातात फाईल. ताई दार उघडायला धावली. मी तिला मागे सारलं. मालकांचा हुकूम होता.

मोठे साहेब दाराजवळच्या शूजच्या रॅकपलीकडे उभे. रॅक माझ्या कमरेएवढा, त्यामुळे त्यांना दिसला तो कोटच. अदबीने विचारलं, आपण इथेच राहता का?

हा प्रश्न माझ्या जिव्हारी लागला. त्या क्षणी एक इंजिनियरिंगवाला जिन्यात बसून दात घासत होता. कठड्यावर स्कूटरवाल्यांच्या चड्ड्या वाळत होत्या. वर गोदामवाला ढोरासारखा पसरला होता. इथे? मी? मी म्हणालो, छे हो, मी राहत नाही. मी व्यवस्था बघतो. मालकांच्या वतीने.

साहेबांचा चेहरा एकदम गंभीर झाला. असा भारदस्तपणा समोरच्यावर परिणाम करतोच. विचारलं, म्हणजे कोणी कुठे, किती जणांनी झोपायचं, हे आपण ठरवता? म्हणालो, अर्थात. बाथरूमचं वेळापत्रक दाखवलं. वहीतली बेशिस्तीची नोंद दाखवली, स्वयंपाक्याला निरोप दिल्याची. ते एकेक पान उलटत होते, फोटो काढत होते. माझं काम इतक्या बारकाईने आजवर सरांनीसुद्धा वाचलेलं नाही. मग माळ्याचं कुलूप तोडायला लावलं आणि पलंग मोजले. मी सांगितलं, ते मीच लावून घेणार आहे, जरा वेळ मिळू दे. त्यांनी तेही लिहून घेतलं.

शेवटी म्हणाले, सगळं वाचून इथे सही करा. सही करणार तेवढ्यात ताई मागून माझा कोट ओढायला लागली. हळू आवाजात म्हणाली की मूर्खा, खरं सांग, तू इथेच राहतोस. लोकांना दुसऱ्याचा मोठेपणा बघवत नाही तो असा. पूर्ण नाव लिहिलं. खाली हुद्दा.

वर आलो तर सरांनी बैठक संपवलेली. पुढची तारीख कळवतील.

१२ जून

नगरपालिकेचा निर्णय आला. बंद पडलेलं एक हॉटेल त्यांनी ताब्यात घेतलंय. या घरात राहणाऱ्या सगळ्यांना तिथे हलवणार. प्रत्येकाला वेगळी खोली. दार, कडी, खिडकी, गरम पाणी. यादीत आठ नावं.

नववं नाही. साहजिक आहे. यादी राहणाऱ्यांची आहे.

ताई म्हणाली, अजून वेळ गेलेली नाही, जाऊन सांग की चुकीचं बोललो. मी म्हणालो, जबाबदारीच्या माणसाला असं उठून जाता येत नाही. तिने कपाळाला हात लावला आणि बहिणीचे कपडे भरायला गेली.

गोदामवाल्यालासुद्धा आतून कडी. याचं जरा आश्चर्य वाटतं.

१५ जून

बस आली, गेले सगळे. जाताना गोदामवाला म्हणाला, प्रोफेसर, आता झोपा निवांत, दिवसा पण आणि रात्री पण. धाकट्या स्कूटरवाल्याने वेळापत्रक आठवण म्हणून मागितलं. ते साहेबांनी नेलंय, असं सांगावं लागलं. स्वयंपाकी सुऱ्यांचं फडकं काखेत धरून सरळ बसमध्ये चढला.

अख्खं घर माझं! दहा खुर्च्यांवर आळीपाळीने बसलो.

१७ जून

काल कोठीत झोपलो, आज सोफ्यावर. बाथरूममध्ये चाळीस मिनिटं. पाणी गारच, पण वेळ भरपूर.

आईला व्हिडिओवर चारही भिंती दाखवल्या. शिवाय हॉल दाखवला, जिना दाखवला. वाटलं, खूश होईल. आई म्हणाली, बाकीची माणसं कुठे गेली रे? मी म्हणालो, कुठली माणसं? आई म्हणाली, ती रे, ज्यांच्या खोकण्याचा आणि भांड्यांचा आवाज यायचा तुझ्या मागून. मला वाटायचं, चला, निदान एकटा तरी नाहीये.

नेटवर्क घालवलं.

२२ जून

पाव आणि जॅम. सहावा दिवस. अंडी उकडायला गेलो, भांडं जळलं. घर फार मोठं आहे. रात्री नळ ठिबकतो ते तिन्ही मजल्यांवर ऐकू येतं.

प्रबंधाला आता काही अडथळा नाही. त्यामुळे तो का होत नाही याचं कारण शोधावं लागतंय.

२९ जून, सोमवार

दारावर नोटीस. पहिल्यांदा बरं वाटलं, कारण माझं नाव अगदी अचूक लिहिलंय. हुद्दासुद्धा. व्यवस्थापक.

मग पुढे वाचलं. चार जणांच्या परवानगीच्या घरात आठ जणांना कोंबून ठेवल्याबद्दल. आजारी भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा प्रयत्न केल्याबद्दल. माळ्यावर आणखी सहा पलंगांची तयारी केल्याबद्दल. पुरावा म्हणून संबंधिताच्या हस्ताक्षरातलं वेळापत्रक आणि नोंदवही. दहा तारखेला, शुक्रवारी, घराला सील.

मालकांना अकरा वेळा फोन. बाराव्यांदा उचलला. त्यांचा आवाज दुखावलेला होता. म्हणाले, मी तुझ्यावर विश्वासाने घर टाकलं आणि तू एवढी माणसं भरलीस? मी म्हणालो, मालक, मी कुठे भरली, मी तर स्वतःच अर्ध्या पलंगावर. ते म्हणाले, हे नगरपालिकेला सांग, मी परगावी आहे. आणि मी काय विचारावं? मी विचारलं, मग माळ्याचं काय? तोंडातून निघून गेलं. या वेळी ते बघू म्हणाले नाहीत. फोन ठेवला.

हलकट माणूस. हे मी आधीच ओळखलं होतं, फक्त लिहिलं नव्हतं.

१० जुलै, शुक्रवार

सील लावायला दोघे आले. त्यांना म्हणालो, आत राहणारा माणूस आहे. विचारलं, कोण? म्हणालो, मी. त्यांनी फाईल काढली, कागद माझ्यापुढे धरला. मी इथे राहत नाही. खाली माझी सही. सही चांगली आहे माझी, ठसठशीत.

बॅग घेऊन बाहेर आलो. गादी आतच राहिली.

१२ जुलै

दोन दिवस विद्यापीठाच्या मागच्या व्हरांड्यात. पहारेकऱ्याने आज सांगितलं की उद्यापासून इथे दिसू नका. काय झालं ते बाबांना सांगायला फोन काढला. खिशात ठेवला. परत काढला. शेवटी ताईला केला. मनाशी ठरवलं होतं की त्या हॉटेलची व्यवस्था बघायला कोणी हवंय का, असं विचारू. तिने हॅलो म्हटलं आणि मला काही बोलताच येईना. ती म्हणाली, कळलं. उद्या साडेदहाला नगरपालिकेत चार नंबरच्या खिडकीपाशी ये. आणि तो कोट घालून येऊ नकोस.

१३ जुलै, सोमवार

कोट घातला नाही.

खिडकीतल्या बाईंनी फाईल बघितली आणि म्हणाल्या, तुम्ही तर व्यवस्थापक. त्या घरात तुम्ही खरोखर राहत होता, असं तिथल्याच दोघांनी लिहून दिलं तर अर्ज घेता येईल. मी म्हणणार होतो की तसं कोणी देणार नाही. मागे बघितलं तर ताईबरोबर दोघं उभे होते. गोदाम परत सुरू झालंय, गोदामवाला रात्रपाळी करून तसाच आला होता, डोळे लाल. दुसरा स्वयंपाकी.

गोदामवाल्याने सांगितलं की वर्षभर आमचा एकच पलंग होता, हे उठायचे आणि मी पडायचो. बाईंनी विचारलं, व्यवस्थापकाचा आणि तुमचा एकच पलंग? तो म्हणाला, कसला व्यवस्थापक, शेवटी शेवटी तर माझ्या पायाशी जमिनीवर झोपायचे. लोक वळून बघायला लागले.

मग स्वयंपाकी पुढे झाला. मी खाली बघत उभा. बाईंनी विचारलं, तुम्ही यांना त्या घरात राहताना पाहिलंय? तो म्हणाला, पाहिलंय. मला ताप होता तेव्हा हा जिन्यावर उभा राहून मला घरातून जा म्हणाला होता. रोज रात्री त्याच जिन्याने वर झोपायला जायचा. म्हणजे राहतच होता. आणि सही केली. सावकाश, एकेक अक्षर. मला लाज वाटली. इतकी की त्याला थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही. तो म्हणवून घ्यायला थांबलाही नाही.

अर्ज माझा मीच भरला. शेवटचा रकाना होता, राहायला जागा कधीपासून नाही? मी लिहिलं, तीन दिवसांपासून. बाईंनी कागद माझ्याकडे परत सरकवला. विचारलं, त्याआधी जी होती ती तुमची होती का? स्वतःचं दार? कडी? निदान पलंग? प्रत्येक वेळी त्या थांबत होत्या आणि मी नाही म्हणत होतो. मागे रांग खोळंबली होती. मग त्या म्हणाल्या, तर मग नीट आठवून लिहा.

तीन दिवस खोडलं आणि चौदा महिने लिहिलं. बाईंनी शिक्का मारला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.